खिडकीखालचा वस्ताद

"कुणाला नावं ठेवायचीच असतील, तर आधी खिडकी लावून घे."

सासूबाई हे सांगायच्या ते गॅस बंद कर म्हणून सांगावं तशा सहज सुरात. स्वतः त्या स्वयंपाकघराची खिडकी दिवसातून बऱ्याचदा लावायच्या. त्यांच्या हयातीत तिची कडी झिजून गुळगुळीत झाली होती. माझ्या कारकिर्दीत त्याच कडीवर गंज चढला, आणि देवापुढे खोटं कशाला बोलू, त्या गंजाचा मला थोडासा अभिमान होता.

कारण माझी व्रतं आहेत. सकाळची पूजा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. दिवसभर खोटं बोलायचं नाही. आणि कुणालाही नावं ठेवायची नाहीत. पहिली दोन सोपी आहेत. तिसरं पाळून बघा! साधं "शेजारीण काल दिसली" एवढं म्हटलं, तरी जीभ पुढे "कशी दिसली" हे सांगायला टपलेली असते. व्रत मोडलं की त्या रात्री जेवायचं नाही, असा मी माझ्याशीच ठराव केला होता. सुरुवातीला मी इतकी बारीक झाले, की लोक आमच्या ह्यांना बाजूला घेऊन माझ्या प्रकृतीची चौकशी करू लागले. पुढे जीभ वळणावर आली. आता आमच्या घरात कुणाचीही निंदा होत नाही, आणि ज्यांना करायची असते ते जिन्यात जाऊन करतात.

मग ती मालिका सुरू झाली.

एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघराची गोष्ट होती. तिथला मुख्य आचारी म्हणजे धिप्पाड देह, भरघोस मिशा आणि कपाळावर कायमची आठी. त्याला सगळे 'वस्ताद' म्हणत. ह्या वस्तादाने म्हाताऱ्या गुरूचं सूप चोरून स्वतःचं म्हणून खपवलेलं. भांडी घासणाऱ्या पोरीला तो रोज रडवी. हॉटेल खरं म्हणजे त्याच्या बहिणीच्या जिवावर चाललेलं, पण पाहुण्यांसमोर मान डोलवायला पुढे हा! पहिल्याच भागात माझ्या जिभेला अशी काही खाज सुटली, की मी उठून देवापाशी गेले आणि मुद्दा मांडला: पडद्यावरचा माणूस हा माणूस नव्हे, तेव्हा त्याला नावं ठेवली तर ती निंदा होऊ नये. देव काही बोलले नाहीत. आमचे हे गप्प राहिले की मी तो होकार समजते. तोच नियम देवांनाही लावला.

आता आमच्या घरी टीव्ही कसा बघतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही.

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, आमच्याकडेच असतात. त्यांना कमी ऐकू येतं. कानाला मशीन लावा म्हटलं, तर मशीन म्हातारे लावतात म्हणतात. हेडफोन मात्र त्यांना चालतो, कारण त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली आणि डोक्यावर काही नसलं तर त्यांना उघडंउघडं वाटतं. तर हेडफोनची वायर टीव्हीत खुपसली, की वन्संना ऐकू येतं आणि बाकीच्यांचा टीव्ही मुका होतो. मग पडद्यावर ओठ हलतात, वन्सं ऐकतात, आणि जुन्या सवयीने लाइन जोडून द्यावी तसं आम्हाला मोठ्याने कळवतात. आम्ही काही म्हटलं तर ते त्यांच्या हेडफोनमधून आत जाईल इतक्या जोरात म्हणावं लागतं.

माझा आवाज मुळात बारीक. भाजीवाला मला प्रत्येक वेळी "काय म्हणालात?" विचारतो. पण मालिकेसाठी मी ओरडायला शिकले. पडद्यावर वस्तादाचे ओठ हलत. वन्सं गर्जत, "म्हणतोय, सूप माझं आहे!" मी विचारी, "कुणाचं?" "माझं!" "तुमचं?" "अहो त्याचं, वहिनी!" मग मी घसा मोकळा करून त्या चोराला जे काही सुनावी, त्यात दिवसभराचा साठा निघून जाई. मालिका संपली की मला इतकं हलकं वाटायचं, की हा उपाय मला आधीच कसा सुचला नाही याचं नवल वाटे.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. त्यांना वस्तादाशी काही देणंघेणं नव्हतं. ते फक्त त्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं घड्याळ बघत. "अजून साडेचारच," एवढंच म्हणत, आणि मान हलवत.

टीव्ही आमच्या स्वयंपाकघराला लागून आहे आणि माझी खुर्ची त्या खिडकीजवळ. खिडकी उघडते ती इमारतीच्या पोटात हवेसाठी सोडलेल्या चिंचोळ्या जागेत. आणि बरोबर खाली, तळमजल्यावर, एका लहानशा हॉटेलचं स्वयंपाकघर आहे. त्याचा आचारीही धिप्पाड. त्यालाही मिशा. त्यालाही कामगार वस्तादच म्हणतात. पण कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात तसं आचाऱ्याला वस्ताद म्हणायचंच. त्यात काही जुळवून बघण्यासारखं आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी तिथलं काही कधी चाखलंही नव्हतं. माझ्या नेमाच्या उपासाच्या दिवशी हे संध्याकाळी तिथून वाडग्यात सूप आणत, तेवढाच आमचा संबंध.

एकदा पडद्यावर एका पाहुण्याने घास थुंकला. "खारट झालंय म्हणे!" वन्संनी कळवलं.

"सूप आहे की समुद्र!" मी म्हटलं. "वस्ताद, जिभेला कुलूप लावून स्वयंपाक करता का? जरा हात आखडा!"

पुढच्या उपासाला हे वाडगा घेऊन आले, एक चमचा तोंडात घातला आणि थबकले. "आज सूपात—"

मी हात जोडले. म्हटलं, नावं ठेवणार असाल तर मला ऐकवू नका. ऐकणं हे ठेवण्याइतकंच वाईट.

"नावं नाही ठेवत. मीठ—"

"मीठसुद्धा नको."

त्या दिवसापासून सदरा धुवायला घेतला, की ह्यांच्या खिशात मला मिठाची एक लहानशी पुडी सापडू लागली. ती कशासाठी हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, आणि त्या खऱ्यात कुणाचं तरी नाव आलं असतं.

मग मिशांचा भाग झाला. पडद्यावरचा वस्ताद सूप ढवळताना पातेल्यात इतका वाकला, की मला राहवलं नाही. "आधी त्या मिशा उतरव म्हणावं! गिऱ्हाईक सूप पितंय की खराटा?" वन्संना हे इतकं आवडलं, की त्यांनी ते स्वतःच्या आवाजात पुन्हा एकदा म्हटलं. वन्संचा आवाज एकेकाळी वायरीशिवायसुद्धा परगावी पोचेल असं त्यांचे साहेब म्हणत.

दुसऱ्या दिवशी खालचा वस्ताद मला जिन्याच्या तोंडाशी भेटला. ओठांवर काही नाही. मिशा गेल्यावर त्याचा चेहरा दिसत होता, फर्निचर हलवल्यावर भिंतीवर जो फिका चौकोन उरतो ना, तसा. तो माझ्यापुढे उभा राहिला, काहीतरी अपेक्षा असल्यासारखा. कुणाच्या रूपाबद्दल बोलायचं नाही, म्हणून मी नजर खाली घातली आणि बाजूने निघून गेले. मला वाटलं, किती छान सांभाळलं मी.

पुढे त्याच्याकडे भांडी घासणारे मामा भेटले. साठीचे, शांत गृहस्थ, सगळ्या इमारतीचे मामा. फार काळजीत दिसले. म्हणाले, वस्ताद हल्ली त्यांच्याशी गोड बोलतात. परवा तर "दमलात का?" म्हणून विचारलं, आणि स्वतः स्टूल आणून दिलं. "काकू, इतकी वर्षं शिव्या खातोय, कधी भीती वाटली नाही," मामा म्हणाले. "आता झोप लागत नाही. मला काढणार बहुतेक."

मी त्यांना समजावलं, की माणूस सुधारतो, सुधारू द्यावा. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाही, पण तुमच्या खिडकीतून संध्याकाळी जे—"

चहाडी आणि निंदा ह्या सख्ख्या बहिणी. मी कानांवर हात ठेवले आणि वर निघून आले. काही दिवसांपूर्वीच पडद्यावर वस्तादाने त्या पोरीच्या अंगावर झारा फेकला होता आणि वन्संनी "गरिबाला रडवलंस मेल्या, तुझं भलं व्हायचं नाही!" म्हणून सगळी इमारत हलवली होती, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. कशाला आठवेल? तो आमचा वस्ताद होता.

मालिका रंगत गेली तशी मीही रंगत गेले. ज्या भागात गुरू प्रत्यक्ष हॉटेलात येऊन आपलंच सूप मागवतो, आणि वस्ताद त्याला ओळख देत नाही, त्या भागाला मी उभी राहिले. अंगात काय संचारलं होतं कोण जाणे.

"चोर! गुरूचं सूप स्वतःचं म्हणून विकतोस? लाज असेल तर आजच्या आज ऍप्रन काढ! चुलीला पुन्हा हात लावू नकोस! बहिणीच्या हवाली कर सगळं, आणि चालता हो!"

"चालता हो!" वन्सं म्हणाल्या.

"साडेचार," हे म्हणाले.

खाली काहीतरी मोठं भांडं पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, किती धांदल असते बाई हॉटेलात.

दुसरा दिवस माझ्या उपासाचा. संध्याकाळी हे रिकामा वाडगा घेऊन परत आले. खाली बंद होतं. आतले दिवेही लागलेले नव्हते. मी ह्यांना पोळी करून देते म्हटलं आणि पीठ काढायला वळले, तोच दारावर थाप पडली.

दारात खालच्या हॉटेलातली ताई उभी होती. ताई म्हणजे त्या वस्तादाची थोरली बहीण. ती गल्ल्यावर बसते. मोजून बोलणारी बाई. पण आज तिचे डोळे लाल होते आणि हातात एक ऍप्रन होता, घडी घातलेला.

"हा त्याने माझ्यापुढे आणून ठेवला," ती म्हणाली. "म्हणाला, ताई, विकून टाक हॉटेल. सकाळपासून भिंतीकडे तोंड करून बसलाय. काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मला काहीच कळेना. मी काही विचारणार, तोच पलीकडून वन्संचा आवाज आला. त्यांनी हेडफोन घातलेले होते, मालिका नुकती सुरू झाली होती, आणि ताईच्या हातातला ऍप्रन बघून त्यांचा असा समज झाला की हीसुद्धा मालिका बघणारीच आहे, मनातलं बोलायला आली आहे.

"वस्तादाचं म्हणताय ना? नालायक आहे तो!" वन्सं प्रेमाने ओरडल्या. "या, बसा!"

ताईचा चेहरा पांढरा पडला. "माझा भाऊ आहे तो!" ती ओरडली.

"भाऊ कसला, वैरी म्हणा! बहिणीच्या जिवावर उड्या मारतो. मी त्या बहिणीच्या जागी असते ना, तर सूपाच्या पातेल्यात बसवला असता त्याला!"

मी वन्संना हाताने खुणा करत होते. त्यांना वाटलं मी बसायला खुर्ची कुठे आहे ते दाखवतेय. त्यांनी खुर्ची सरकवली. ताई बसली नाही. ती माझ्याकडे वळली, आणि हळू आवाजात जे बोलली ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"मिठाचं बोललात, त्याने मीठ कमी केलं. मिशांचं बोललात, वडील गेले तेव्हाही न काढलेल्या मिशा त्याने काढल्या. मामांना रडवतो म्हणालात, तेव्हापासून तो त्यांना अहो-जाहो करतो. माणूस आणखी काय करणार, काकू? तुम्ही समोर एक शब्द बोलत नाही, जिन्यात मान खाली घालून जाता, आणि संध्याकाळी खिडकीत उभ्या राहून..."

आणि माझ्या डोळ्यांपुढे सगळं एकदम उलगडलं. खिडकी. मिठाची पुडी. तो फिका चौकोन. मामांचं स्टूल. सासूबाईंची गुळगुळीत कडी! मी तोंड उघडलं, पण आवाज येईना. ओरडायला शिकले होते ते फक्त मालिकेपुरतं, हे त्या क्षणी कळलं. "अहो ते... तुमचा नव्हे... आमचा..." एवढंच बाहेर पडलं, आणि 'आमचा' वस्ताद कोण, हा नवाच घोळ झाला.

शेवटी हे उठले. टीव्हीपाशी गेले आणि हेडफोनची वायर खेचून काढली.

कितीतरी दिवस दाबून ठेवलेला आवाज एकदम खोलीत फुटला. पातेली आपटली, वाफ फुसफुसली, आणि पडद्यावरची ती पोरगी हुंदके देत म्हणाली, "वस्ताद, मी नाही सांडलं सूप!"

ताईने पडद्याकडे पाहिलं. मिशाळ, धिप्पाड वस्ताद झारा उगारून उभा होता. तिने माझ्याकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग ती त्या सरकवलेल्या खुर्चीत बसली आणि ऍप्रन तोंडावर धरून हसायला लागली. निदान मला ते हसणं वाटलं. वन्सं "लाइन तुटली, लाइन तुटली" म्हणत वायर शोधत होत्या.

ताई खाली गेली आणि भावाला दंडाला धरून वर घेऊन आली. तो दारातच थांबला. मिशा नसलेल्या ओठावर पुन्हा खुंट फुटले होते. आम्ही त्याला बसवलं, मालिका दाखवली. तो पडद्यावरच्या वस्तादाकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?"

"कशाचं?"

त्याने मान खाली घातली. त्याचं ते सूप खरोखरच त्याच्या गुरूचं होतं. लोकांनी विचारलं की तो "आपलीच युक्ती" म्हणायचा. मीठ, मिशा, मामा, इथपर्यंत त्याने रागारागाने ऐकून घेतलं होतं. पण गुरूचं नाव खिडकीतून आलं, तेव्हा त्याच्या हातातलं पातेलं सुटलं. हे ताईलासुद्धा ठाऊक नव्हतं, तर वरच्या काकूंना कसं कळलं? "मला वाटलं, तुमच्या पूजेत काहीतरी आहे," तो म्हणाला.

खोटं बोलायचं नाही हे व्रत मला त्या वेळी फार जड गेलं. इमारतीत मला अंतर्ज्ञान आहे असा समज पसरत होता आणि मला तो स्वतःच्या तोंडाने पुसावा लागला. "पूजेत काही नाही," मी म्हटलं. "हेडफोनमध्ये होतं."

वातावरण सैल झालं. वन्संना सगळी हकीकत कागदावर लिहून दाखवावी लागली, तेव्हा त्यांनी ताईची माफी मागितली, तीही इतक्या मोठ्याने की समोरच्या घरातून कुणीतरी "असू द्या" म्हणालं. वायर आता काढलेलीच होती, म्हणून मालिका सगळ्यांनी आवाजासकट बघितली. हळूहळू खालचा वस्ताद खुर्चीच्या कडेवर आला. मग मांड्यांवर थापा मारू लागला. आणि पडद्यावरच्या वस्तादाने उकळत्या सूपात गार पाणी ओतलं, तेव्हा तो ताडकन उभा राहिला.

"अरे हाकला त्याला! काम येत नाही, नुसता बसून खातो! आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!"

घसा त्याचा हॉटेलवाल्याचा. मला त्या क्षणी खिडकी आठवली, पण उशीर झाला होता. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली आणि मामा दारात येऊन उभे राहिले. एका हातात चपला, दुसऱ्या हातात कपड्यांचं गाठोडं.

"ऐकलं मी खाली," मामा म्हणाले. "येतो मग, वस्ताद. स्टूल दिलंत तेव्हाच कळलं होतं."

मामांना बसवून, पाणी पाजून, पडदा दाखवून परत ताळ्यावर आणण्यात मालिकेचा उरलेला भाग गेला. त्या दिवशी गुरूने वस्तादाला क्षमा केली की नाही, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले घड्याळ काढून टाकलंय, रिकामा खिळा दिसला.

सगळं मिटलं असं मला वाटलं. मी ऍप्रनची घडी उचलून वस्तादापुढे धरली. त्याने ती घेतली नाही.

"काकू, एक विचारू?" तो म्हणाला. "मला बोलला नाहीत हे कळलं, बरं वाटलं. पण मग माझ्या सूपाबद्दल तुमचं म्हणणं काय आहे?"

"मी कधी चाखलंच नाही."

तो उतरलेल्या तोंडाने बसून राहिला. मला वाटलं होतं आनंद होईल. पण तो म्हणाला, इतक्या वर्षांत त्याच्या सूपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. लोक येतात, पितात, जातात. बरं नाही म्हणत, वाईट नाही म्हणत. वरच्या खिडकीतून बोलणी यायला लागली तेव्हा त्याला राग आला, लाज वाटली, पण रोज ढवळताना हात जागा असायचा, की आता काकूंना कसं लागेल. "आणि तुम्ही तर चमचाही लावला नव्हता," तो म्हणाला. "मग मी कुणासाठी ढवळत होतो?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. हॉटेल, मामा, तो ऍप्रन, सगळं त्या नजरेत होतं.

"उद्या संध्याकाळी येईन," मी म्हटलं. "चाखीन. आणि जसं असेल तसं खरं सांगीन."

"नावं ठेवाल?"

"खरं सांगीन," मी पुन्हा म्हटलं.

त्याने ऍप्रन घेतला.

शब्द देऊन बसले आणि रात्रभर देवाला जागं ठेवलं. सूप चांगलं असेल तर प्रश्नच नाही. पण चांगलं नसेल तर? गोड बोलले तर खरं बोलण्याचं व्रत मोडतं, खरं बोलले तर नावं न ठेवण्याचं. ह्या दोन व्रतांची आजवर एकमेकांशी ओळखच झाली नव्हती. आता ती एकाच दारातून आत शिरू बघत होती. देवांचं म्हणणं नेहमीचंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावला. खालून उकळीचा वास येत होता. ढवळणं ऐकू येत होतं, सावकाश, लक्ष देऊन चाललेलं. वन्संनी हेडफोन डोक्यावर चढवले. मी चमचा घेतला. मग ह्यांना म्हटलं, त्या दिवशी ते सूपाबद्दल काय सांगत होतात?

ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बहुतेक हा आजार आहे की काय, ह्याचा अंदाज घेत असावेत.

"ऐकतेय," मी म्हटलं.

"अळणी असतं," हे म्हणाले. "समुद्राचं बोललीस तेव्हापासून."

मी मान हलवली. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून ती पुडी काढून मुठीत घेतली. खिडकीपाशी गेले, गंजलेली कडी दोन्ही हातांनी ओढून लावली, आणि आवाज न करता जिना उतरू लागले. खरं बोलायचं व्रत होतं, नावं न ठेवायचंही होतं. मिठाबद्दल कुठल्याच व्रतात काही सांगितलेलं नाही.